परदेशातलं सेमिस्टर : फिरणं कमी, राहणं जास्त

परदेशात सेमिस्टर करून आलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती देश फिरलीस? माझं उत्तर ऐकून बरेचजण हिरमुसतात कारण मी फार फिरलेच नाही. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. माझ्यात जे काय बदललं ते त्या एकाच शहरात, हॉस्टेलच्या त्या एकाच मजल्यावर रुटीन लागल्यावर बदललं, आणि आत्ता जे जे कुणी बॅग भरतायत त्यांना हे सांगावंसं वाटतंय म्हणून लिहायला बसलेय.

आधी अभ्यासाचं बोलते, कारण एक्सचेंज म्हणजे नुसती धमाल असं सगळ्यांनी डोक्यात भरवलेलं असतं. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत एका सेमिस्टरला ३० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास काम, म्हणजे लेक्चर, वाचन, असाइनमेंट, परीक्षेची तयारी असं सगळं धरून ७५० ते ९०० तास होतात. त्यातले बरेचसे तास आपले आपण काढायचे असतात, मागे लागणारं कुणी नसतं, आणि हीच गोष्ट पहिल्या महिन्यात सगळ्यात जड जाते.

माझा एक सेमिनार होता, छोटा वर्ग, सगळे टेबलाभोवती बसायचो. मॅडम आल्या आल्या म्हणायच्या, लेख सगळ्यांनी वाचलाय असं मी धरते, आता सांगा लेखकाचं कुठे पटलं नाही. लेखकाचं काय म्हणणं आहे हे विचारायच्याच नाहीत, थेट काय पटलं नाही! मी लेख दोनदोनदा वाचून जायचे, मुद्दाही असायचा, पण परक्या भाषेत वाक्य मनात जुळवेपर्यंत चर्चा तिसऱ्याच विषयावर गेलेली असायची. आपल्या भाषेत मी पटापट बोलणारी मुलगी, आणि तिथे लोकांना मी शांत, लाजरी वगैरे वाटायचे, आणि हे फार लागायचं मनाला, कारण आपण जे आहोत ते समोरच्यापर्यंत पोचतच नाहीये असं होतं ते. मग मी एक सुरू केलं, वर्गाच्या आधी वहीच्या कडेला पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवायचं आणि चर्चा सुरू झाली की सगळ्यात आधी तेच बोलून टाकायचं. पहिलं बोललं की बाकीचे त्याच्यावर बोलतात, मग आपण चर्चेच्या आत असतो आणि दुसरं वाक्य आपोआप सुचतं, खरंच. सेमिस्टरच्या शेवटी शेवटी तर मी मधेच थांबवून "मला हे कळलं नाही, परत सांगाल का" असं विचारायला लागले होते आणि हे मला इथल्या वर्गात इतक्या वर्षांत कधी जमलं नव्हतं.

मधला काळ मात्र वाईट जातो, खोटं कशाला सांगू. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या लेखात कल्चर शॉकचे, म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणाऱ्या झटक्याचे, टप्पे मांडलेत, आधी सगळं भारी वाटतं, मग सगळ्याचा राग यायला लागतो, मग हळूहळू जमतं आणि शेवटी ते आपलं होतं. त्याच्याही आधी १९५५ मध्ये लिसगार्ड या नॉर्वेच्या संशोधकाने फुलब्राइट या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या त्याच्याच देशाच्या लोकांना विचारून बघितलं, तर सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि दीड वर्षाच्या वर राहिलेले बऱ्यापैकी रुळलेले होते, मधलेच जास्त चाचपडत होते. पुढे बऱ्याच अभ्यासकांनी यावर शंका घेतली की सगळ्यांचा आलेख असा एकसारखा नसतो, आणि मला ते पटतं, कारण माझं तर सकाळी सगळं छान आणि संध्याकाळी रडू असं एका दिवसातच चालायचं. पण आपल्याला जे होतंय त्याला नाव आहे आणि ते हजारो लोकांना झालंय, एवढं माहीत असलं तरी खूप हलकं वाटतं.

आता मुद्द्याचं. जर्मनीतल्या विद्यार्थ्यांवर झिमरमन आणि नायर यांनी केलेला २०१३ चा अभ्यास आहे. परदेशी शिकायला गेलेल्यांमध्ये मोकळेपणा आणि जुळवून घेण्याची वृत्ती वाढली आणि मनाची अस्थिरता कमी झाली, घरी राहिलेल्यांच्या तुलनेत. आणि याचं मोठं कारण काय निघालं, तर तिथे जोडलेली नवीन माणसं. हे वाचलं तेव्हा मला आमचा मजला आठवला. शेजारच्या खोलीतल्या मुलीला एका रात्री सडकून ताप भरला, तिलाही तिथली भाषा येत नव्हती आणि मलाही धड नाही, तरी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. वेटिंग रूममध्ये मांडीवर तो फॉर्म ठेवून मी मोबाईलवर एकेक रकाना ट्रान्सलेट करत बसले होते, अ‍ॅलर्जी आहे का, कुठली औषधं चालू आहेत, घरच्या कुणाला कळवायचं, आणि त्या शेवटच्या रकान्यापाशी ती म्हणाली, तुझाच नंबर टाक. मी टाकला. तोपर्यंत कुणी माझ्यावर इतकं टाकलं नव्हतं, घरी नेहमी मीच कुणाच्या तरी मागे उभी असायचे.

वीकेंडला स्वस्त तिकीट काढून पळणाऱ्यांना मी नावं ठेवत नाहीये, फिरा की, पण अशी रात्र फिरताना वाट्याला येत नाही, त्यासाठी शेजारी कोण राहतं ते माहीत असावं लागतं. २०१८ मध्ये परदेशी राहण्यावरचं एक संशोधन आलं, त्यात हेच दिसलं की परदेशात राहिल्याने आपण कोण आहोत याची समज जास्त स्पष्ट होते, आणि त्यात किती देश झाले याला महत्त्व नव्हतं, किती काळ राहिलात याला होतं.

परत आल्यावरही थोडं अवघड जातंच, गलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ मध्येच लिहून ठेवलंय की घरी परतल्यावर तोच झटका दुसऱ्यांदा बसतो. मला घरचे म्हणाले, तू फार प्रश्न विचारायला लागलीयेस. विचारते, आणि विचारत राहणार आहे. या वर्षी आमच्या कॉलेजात बाहेरून एक्सचेंजला येणाऱ्यांसाठी बडी, म्हणजे सुरुवातीला त्यांना सोबत करणारे विद्यार्थी, हवे होते, मी लगेच नाव दिलं, आणि मला पहिल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर रजिस्ट्रेशनच्या रांगेत उभं राहायचंय, फॉर्म वाचून दाखवायला.