ठोसेघरला फोनवर स्लो शटर: आधी कोरा कागद, मग पाणी

साताऱ्याहून सज्जनगडाच्या रस्त्याने ठोसेघरचा धबधबा पंचवीसेक किलोमीटर. शटर जास्त वेळ उघडं ठेवून (स्लो शटर) पाण्याच्या धारा मऊ, वाहत्या दिसाव्यात, एवढीच इच्छा होती. ऑगस्टातल्या एका रविवारी लख्ख उघडीप असताना अकराला पोचलो, तिथेच निम्मं चुकलं. सगळं हाताने ठरवता येणाऱ्या प्रो मोडमध्ये आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) 50, शटर एक सेकंद, आणि स्क्रीनवर पांढराफटक कोरा कागद! शटरचा वेग वाढवत 1/2000 सेकंदाच्या पुढे नेला तेव्हा कुठे धबधबा दिसला, पण थेंबन् थेंब गोठलेला.

कारण साधं आहे. बहुतेक फोनच्या लेन्सचं छिद्र, एफ/1.8 वगैरे, कायम तेवढंच उघडं असतं. मोठ्या कॅमेऱ्यासारखं एफ/16 वर मिटता येत नाही (आकडा मोठा, तेवढं छिद्र लहान). आयएसओ तळाला नेला की हातात काही उरत नाही. उजेड मग लेन्सच्या बाहेरच अडवायचा. भावाचा पोलराइज्ड गॉगल समोर धरून पाहिला. ओल्या कातळाची चकाकी गेली, पण उजेड जेमतेम दीड-दोन स्टॉपच उतरला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा).

पुढच्या खेपेला एनडी 64 ची, म्हणजे उजेड 64 पट कमी करणाऱ्या गडद फिल्टरची, क्लिप घेऊन दुपारी चारनंतर गेलो, ढग दाटलेले. फिल्टरशिवाय 1/125 सेकंद बरोबर येत होतं. त्याच्या 64 पट म्हणजे अर्धा सेकंद. धारा सुट्या सुट्या, मऊ. दोन सेकंदांना त्याचाच कापूस होतो, मला तो आवडत नाही. फोटो किंचित काळपटच घ्या. पांढऱ्या पाण्यातले बारकावे एकदा उडाले की एडिटिंगमध्येही परत येत नाहीत.

क्लिप एकाच लेन्सवर बसते, हे मी विसरलो. झूम केल्यावर फोनने गुपचूप दुसरी लेन्स घेतली, पुन्हा कोरा कागद. वाकड्या पायांचा ट्रायपॉड रेलिंगला गुंडाळला होता, तर कुणी नुसतं टेकलं तरी फोटो हलायचा. शेवटी तो जमिनीवर ठेवला आणि दोन सेकंदांचा टायमर लावला. तुषार पुसायला कोरडा सुती रुमाल खिशात हवाच.

आयफोन असेल तर लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्स्पोजर निवडा. तो बऱ्याच फ्रेम एकत्र करतो, म्हणून भर उजेडातही पांढरा पडत नाही. फोन मात्र हलता कामा नये.

धुकं उतरलं की समोरची दरीच गायब होते. आम्ही पाऊण तास कणसं खात थांबलो, तेव्हा दहा मिनिटं मिळाली.