गोवर्धनचा वाढदिवस वैशाखात करूया

आमच्या गावाला यंदा १२५० वर्षं पूर्ण झाली. आमच्या म्हणजे जर्मनीत हायडेलबर्ग आणि मानहाइमच्या मधल्या ज्या खेड्यात मी राहते, त्याला. एक चर्च, एक बेकरी, अग्निशमन दलाची शेड आणि भोवती शेतं, एवढाच पसारा. पण त्या गावानं केलेला सोहळा पाहिल्यापासून माझ्या डोक्यात आजोळ घोळतंय, आपल्या नाशिकजवळचं, गंगापूरच्या शेजारचं गोवर्धन.

आधी हे १२५० आलं कुठून ते सांगते. गाव कुणी वसवलं, पहिली कुदळ कुणी मारली, याची नोंद इथेही नाही. मग ज्या लेखात गावाचं नाव सर्वांत आधी सापडतं, त्याचं वर्ष जन्मवर्ष धरतात. आमच्या पंचक्रोशीतल्या बऱ्याच गावांची जन्मवर्षं एकाच ग्रंथातून निघाली आहेत. जवळच लोर्श नावाचा मठ होता, सन ७६४ मध्ये स्थापन झालेला. लोक आपल्या आत्म्याच्या कल्याणासाठी त्याला शेत, द्राक्षमळा, घर दान द्यायचे. पुढे बाराव्या शतकाच्या अखेरीस भिक्षूंनी ती सगळी जुनी दानपत्रं एका जाडजूड ग्रंथात उतरवून काढली, कारण जमिनीवरचा हक्क दाखवायला कागद लागतो. मूळ पत्रं नष्ट झाली, ग्रंथ राहिला. त्यात ३८०० हून जास्त नोंदी आहेत. आज तीन लाख वस्तीचं असलेलं मानहाइमसुद्धा त्यात ७६६ सालचं एक साधं खेडं म्हणून येतं. नोंद असते ती एवढीच: अमक्यानं तमक्या गावातला एक द्राक्षमळा मठाला दिला, राजाच्या अमुक राज्यवर्षी. म्हणजे सातबाऱ्यावर असतं तसलं रुक्ष लिखाण. पण त्या एका ओळीवर सगळं गाव दोन वर्षं तयारी करत होतं.

मिरवणूक, बँड, जुने ट्रॅक्टर, मांडवातलं जेवण हे सगळं झालंच. बायकांनी घराघरातून आलुबुखारचे केक करून आणले होते आणि त्यातून आलेले पैसे खर्चाला लावले. मला जास्त भावलं ते शाळेत मांडलेलं प्रदर्शन. गावातल्या प्रत्येक जुन्या घराचं एकेक पान. आम्ही भाड्यानं राहतो त्या घराचंही होतं. मागची उंच लाकडी खोली, जिथे आम्ही सायकली ठेवतो, ती तंबाखूची पानं वाळवायची होती. भिंतीच्या फळ्यांमध्ये फटी का, हे मला त्या पानावर कळलं. हवा खेळावी म्हणून त्या मुद्दाम ठेवलेल्या. फोटोत नऊ-दहा बायका पानं दोऱ्यात ओवत बसलेल्या, आणि प्रत्येकीच्या खाली तिचं नाव. एकीच्या नावापुढे नुसतं प्रश्नचिन्ह होतं, बाजूला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली. दुपारपर्यंत कुणीतरी तिचं नाव लिहून गेलं होतं.

आणि त्यांनी काही लपवलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. १६१८ ते १६४८ च्या तीस वर्षांच्या युद्धात हा मुलूख ओस पडला होता, नंतर स्वित्झर्लंडहून आलेल्या कुटुंबांनी तो पुन्हा वसवला. १९४५ नंतर बोहेमिया आणि हंगेरीतून हाकलले गेलेले लोक आले. २२ ऑक्टोबर १९४० ला आमच्या या बाडेन प्रांतातल्या ज्यूंना गाड्यांत भरून फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत धाडलं गेलं, त्याचंही पान होतं. तिथे लोक बराच वेळ उभे राहत होते. साडेबाराशे वर्षं एकच रक्त इथे नांदलं असा दावा कुणीच करत नव्हतं. जे आले, जे गेले, जे नेले गेले, त्या सगळ्यांचं मिळून गाव.

आता आपल्याकडे या.

गोवर्धनचं नाव पहिल्यांदा कुठे लिहिलं गेलं? नाशिकजवळच्या पांडवलेण्यात, दगडावर. दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यातला एक वर्ष ४२, वैशाख मास असा आहे. त्यात तो सांगतो की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या भिक्खूंसाठी ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनातल्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे ठेवले आहेत. २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज २४०, म्हणजे वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. हिशेब चोख जुळतो. हे सगळं सभेत जाहीर करून फलकावर नोंदवलं, असंही लेखात आहे. शक संवत धरला तर हे साल इसवी सन १२० च्या आसपास येतं. काही अभ्यासक ते आणखी मागे नेतात. कसंही धरा, लोर्शच्या ग्रंथातल्या सर्वांत जुन्या गावापेक्षा आपलं गाव निदान सहाशे वर्षांनी थोरलं आहे.

दोन्हीकडे कारण एकच, हे लक्षात आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कुणीतरी भिक्षूंना दान दिलं, म्हणून गावाचं नाव लिहिलं गेलं. लेण्यातल्या दुसऱ्या एका लेखात तर कालगणनाही सारखीच, राजाच्या राज्यवर्षाची. तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा वर्ष २४ चा लेख आहे, गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याला उद्देशून. आधी कखडी गावातलं शेत भिक्खूंना दिलं होतं, पण ते शेत कसलं जात नाही आणि गावात वस्ती राहिलेली नाही, म्हणून नगराच्या सीमेवरची १०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) जमीन द्यावी, असा हुकूम. कखडी उठली, गोवर्धन टिकलं. जर्मनीतलं ओस पडलेलं गाव वाचताना मला हीच ओळ आठवत होती.

आपण जत्रा दरवर्षी करतो, वर्गणी काढतो, गावजेवण घालतो. ते करायचंच. त्याला गावाच्या वयाची जोड द्यावी एवढंच माझं मागणं आहे. महिनादेखील लेखातच दिलाय, वैशाख, आणि पंचांग आपलंच आहे. मामाशी बोलणं झालंय, तो ग्रामसभेत विषय काढणार आहे. उषवदाताचा तो लेख आजच्या मराठीत मोठ्या अक्षरात छापून पारावर लावायचा. शाळेतल्या मुलांना लेण्यात नेऊन 'गोवधन' ही ब्राह्मी अक्षरं दाखवायची. ज्या आज्या-आजोबांना शेतांची, विहिरींची, वाटांची जुनी नावं ठाऊक आहेत त्यांच्याकडून ती या पावसाळ्यातच उतरवून घ्यायची, कारण शहर गावाच्या वेशीला टेकलंय आणि प्लॉटांना नुसते नंबर असतात. जे बाहेरून येऊन स्थायिक झाले, बंगले बांधून राहिले, त्यांचंही पान या प्रदर्शनात असावं.

गोवर्धन, गंगापूर, जलालपूर, सावरगाव भागातल्या कुणाकडे जुने फोटो असतील, लग्नाचे, बैलपोळ्याचे, शाळेचे, तर ते काढून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून फोटोतल्या माणसांची नावं मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहून घ्या, पेननं नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. दिवाळीत मी येतेय, तेव्हा स्कॅन करायचं काम माझ्याकडे.