रिमोट कीइंग, हप्ता पाचवा: मुरबाडचा बोबडेपणा गेला

काल रात्री पावणेअकराला मामांचा मुरबाडहून फोन. "अरे, आज तुझं यंत्र बोबडं बोलत नाहीये!" यंत्र म्हणजे त्यांच्या घरी ठेवलेला माझा हॅम रेडिओ (रिग); मी मुलुंडहून इंटरनेटवरून त्यावर मोर्स वाजवतो. मामांना मोर्समधलं ओ की ठो कळत नाही. पण तीन आठवडे रिगचा साइडटोन (मोर्सचा पीप-पीप आवाज) त्यांच्या माजघरात वाजतोय, कान तयार झालाय. मी इकडे मुलुंडला पॅडलवर (मोर्सच्या कीवर) हात ठेवून बसलो होतो. उठून आधी चहा टाकला.

मागच्या हप्त्यातलं रडगाणं आठवत असेल. इथून व्हीयू (भारतीय हॅम कॉलसाइनची सुरुवात) पाठवावं, तिथे केएम उमटावं, कधी डब्ल्यूएम. २० डब्ल्यूपीएमला (मिनिटाला २० शब्द) डिट, म्हणजे मोर्सचा टिंब, ६० मिलिसेकंदांचा, मधली फटही ६०ची. फट बुजली की डिट, फट, डिट मिळून १८०, म्हणजे बरोब्बर एक डा (मोर्सची रेघ). व्हीचे (तीन डिट, एक डा) पहिले दोन डिट चिकटले की के, दुसरा-तिसरा चिकटला की डब्ल्यू, आणि यूचे (दोन डिट, एक डा) दोन डिट चिकटले की एम. के आणि डब्ल्यू, दोन्ही अमेरिकन कॉलसाइनचे प्रिफिक्स. मुलुंडचा माणूस बसल्या जागी अमेरिकेत, तेही व्हिसाशिवाय.

प्रत्येक की-अप, की-डाउनवर (की सुटणं, की दाबणं) वेळेचा शिक्का मारून तिकडे बफरमधून, म्हणजे थोडं थांबवून, वाजवायचं, हे तिसऱ्या हप्त्यातच केलं होतं. पण बफर ३५० मिलिसेकंदांवर नेला तरच अक्षरं शुद्ध यायची. १००वर आणला की पुन्हा बोबडं. ३५०वर क्यूएसओ (रेडिओवरचं संभाषण) करायचा म्हणजे शिक्षाच: मी के ('आता तुम्ही बोला') देऊन थांबतो, तिकडे माझी शेवटची अक्षरं अजून वाजतायत. साइडटोन इथल्या इथे तयार होतो म्हणून हात अडखळत नाही एवढंच.

दोष मी बिनदिक्कत मोबाइल इंटरनेटवर टाकला. खेड्यातलं फोर-जी, दोन्ही टोकांना सीजीनॅट (अनेक ग्राहकांत वाटलेला एकच इंटरनेट पत्ता), मध्ये भाड्याच्या सर्व्हरवरून वायरगार्डचा (व्हीपीएनचा) बोगदा; एवढ्या भानगडीत जिटर (पॅकेटं कमीजास्त उशिराने पोचणं) येणारच. लॅमिंग्टन रोडवर जाऊन राउटरसाठी बाहेरचा अँटेना आणला. दुकानदाराने "साहेब, रॉकेट चालेल" म्हणून सांगितलं. सिग्नलच्या दांड्या वाढल्या, बोबडेपणा तस्साच. (तिथे सुटे भाग जरूर घ्या. तयार वस्तू मात्र खोक्यावरचं वाचून घेऊ नका.)

शनिवारी वैतागून पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) लावून बसलो. मुरबाडच्या राउटरला पिंग: ४० ते ५५ मिलिसेकंद, शहाण्यासारखा. त्याच राउटरमागच्या ईएसपी३२ला (रिगची की चालवणाऱ्या छोट्या वायफाय डबीला) पिंग: ४५, १३८, ७०, १२१, ५२. म्हणजे मुंबई ते मुरबाड रस्ता मोकळा, आणि शेवटच्या चार मीटरांत ट्रॅफिक जॅम! शिवाय पसारा जेमतेम १०० मिलिसेकंदांचा, त्यापुढे जवळपास काही नाही. तिथे डोक्यात दिवा पेटला. वायफायचा बीकन (राउटरची 'मी इथे आहे' ही हाक) साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. ईएसपी३२ वीज वाचवायला बीकनांच्या मधल्या वेळात डुलकी काढतो, आणि राउटर त्याची पॅकेटं पुढच्या बीकनपर्यंत धरून ठेवतो. मग की-अप आणि पुढचा की-डाउन हातात हात घालून पोचतात. पाठवताना हा त्रास नाही, कारण पाठवायचं असलं की तो लगेच उठतो. म्हणून मुलुंडचं टोक निर्दोष दिसत होतं. डुलकीची सोय आयतीच चालू असते. भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या डबीला ती कशाला हवी?

उपाय एका ओळीचा: वायफाय जोडल्यावर सेटस्लीप 'फॉल्स', म्हणजे डुलकी बंद. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बफर ८०वर आणला, अर्धा तास नुसतं पॅरिस पॅरिस (मोर्सचा वेग मोजायचा ठरलेला शब्द) बडवलं. एकही डिट चिकटला नाही. त्यानंतर मामांचा फोन.

बाकी किरकोळ. प्रत्येक पॅकेटात मागच्या चार घटना पुन्हा जातात, त्यामुळे एखादं हरवलं तरी भागतं. की दाबलेली असताना दर ५० मिलिसेकंदांनी 'दाबलेलीच आहे' असं पॅकेट जातं. ३०० मिलिसेकंद काहीच आलं नाही तर तिकडची की आपोआप सुटते. हे सुचलं ते एकदा दुवा तुटून की चिकटली आणि डमी लोड (अँटेनाऐवजी जोडलेला, शक्ती उष्णतेत जिरवणारा रोध) तापून वास सुटला तेव्हा. हो, अजून डमी लोडच. परवान्यासाठी मुरबाडच्या पत्त्याचा कागद हातात येईपर्यंत अँटेनाला जोडणार नाही.

एका दोस्ताने सुचवलं की इथेच अक्षरं ओळखून फक्त अक्षरं पाठव, जिटरची कटकटच संपेल. नको. मग माझी फिस्ट (की मारायची स्वतःची लकब) कुठे राहिली? स्ट्रेट कीवर (साध्या, हाताने खालीवर दाबायच्या) माझा डा जरा लांबतो, जुने लोक त्यावरूनच ओळखतात. तो लांबलेला डा मुरबाडलाही लांबलेलाच निघाला पाहिजे.

पुढचा बेत इथूनच रिगचा बँड (रेडिओलहरींचा पट्टा) निवडण्याचा होता. पण हे लिहितानाच वाटलं, १०० वॉटच्या रिगशेजारी वायफायवर विसंबायचंच कशाला? राउटर माळ्यावर, रिग खाली माजघरात. मध्ये सात-आठ मीटर केबल पुरेल. डब्ल्यू५५००चं इथरनेट मॉड्यूल खणात पडून आहे. तर बँड निवडणं सहाव्या हप्त्यातून बाद, आधी केबल. रविवारी पहिल्या गाडीने कल्याण, तिथून एसटी. रेडिओचा त्रास केबलीत शिरू नये म्हणून फेराइटचे मणी दोन्ही टोकांना घालणार आहे. मामांनी माळा झाडून ठेवतो म्हटलंय, पण उंदरांची हमी दिलेली नाही.