ओळीच्या शेवटचं काहीच नाही

गुरुवार, रात्री पावणेबारा. कोथरूड.

दुरुस्ती दोन ओळींची. पीआरमध्ये (पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासून मुख्य कोडमध्ये घ्यायला पाठवलेला बदल) बदललेल्या ओळी ३१८.

सकाळपासून रिपरिप होती, म्हणून हिंजवडीची वारी टाळून घरूनच काम केलं. व्याजाच्या हिशेबात राउंडिंग चुकत होतं, ते अकरालाच सापडलं. सेव्ह, कमिट (बदलाची नोंद), पीआर, आणि चहा ठेवला. उकळी यायच्या आत सीनियरचा मेसेज: "अगं, दोन ओळी म्हणाली होतीस ना? यात मी काय शोधू?"

दोष माझाच. मागच्या आठवड्यात व्हीएस कोड या एडिटरमध्ये 'ट्रिम ट्रेलिंग व्हाइटस्पेस' सुरू करून ठेवलं होतं. सेव्ह केलं की ओळींच्या शेवटी राहिलेल्या स्पेस आणि टॅब आपोआप जातात. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम; नव्या ओळीत अशी स्पेस राहिली की त्याच्या डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्याच्या तुलनेत, तिथे लाल डाग पडतो, आणि तो मला बघवत नाही. पण हा झाडू मी हात लावलेल्या ओळींपुरता थांबत नाही, अख्खी फाइल झाडतो. आणि फाइल तर जुनी, कितीतरी जणांच्या हाताखालून गेलेली.

मी जरा हुज्जत घातली. म्हटलं, डॅश डब्ल्यू लावून डिफ बघ, स्पेसचे बदल दिसणारच नाहीत. तो म्हणाला, "मी बघीन गं. पण ब्लेममध्ये सगळीकडे तुझं नाव येईल त्याचं काय?" ब्लेम म्हणजे प्रत्येक ओळ शेवटची कोणी बदलली ते दाखवणारी गिटची कमांड. खरं तर तिलाही डॅश डब्ल्यू चालतो. पण रात्री दोनला प्रॉडक्शन, म्हणजे लोक वापरतात ती खरी सिस्टीम, झोपलेलं असताना ते कोणाला आठवतंय!

मग बसले. गिट अ‍ॅड डॅश पी केलं की गिट बदलाचा एकेक तुकडा दाखवून घेऊ का विचारतं; तसा एकेक निवडला, वाय, एन, एन, एन. राउंडिंगचा पीआर वेगळा, साफसफाईचा वेगळा. साफसफाईच्या कमिटचा हॅश, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, ब्लेमने दुर्लक्ष करायच्या यादीत टाकायचा. ही सोय गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. स्क्वॅश मर्जमध्ये, म्हणजे पीआरमधले कमिट एकत्र करून मुख्य कोडमध्ये घेताना, हॅश बदलतो, म्हणून आधी मर्ज, मगच यादी.

एवढ्यात लक्षात आलं की त्याच आठवड्यात मी रीडमी, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीची फाइल, हीही सेव्ह केली होती. ती मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी मजकूर मांडायच्या पद्धतीत, लिहिलेली; त्यात ओळीच्या शेवटच्या दोन स्पेस म्हणजे 'इथे ओळ तोड'. त्या गेल्या आणि सेटअपच्या सहा पायऱ्या एकाच परिच्छेदात एकमेकींना चिकटून बसल्या. आई माळा आवरते तेव्हा नेमकी हवी ती पावती रद्दीत जाते, आणि मी तिच्यावर चिडते. आज आरशात बघायची सोय नव्हती.

संध्याकाळी एडिटरकॉन्फिगची फाइल केली, म्हणजे टीममध्ये सगळ्यांना एकच नियम. ट्रिम सगळीकडे चालू, मार्कडाउनला बंद. शिवाय फाइलच्या शेवटी नवी ओळ हवीच, हाही नियम घातला. नीट तपासून, मान ताठ करून पीआर टाकला.

साडेनऊला त्याची एकच कॉमेंट आली. तुझ्या या फाइलच्याच शेवटी नवी ओळ नाहीये.