तुम्ही विचारलंत म्हणून: टॅरिफ नक्की भरतं कोण?

मी कर, व्यापार, बँकांचे नियम असलं काहीबाही वाचत बसतो हे ओळखीच्यांना माहितीये, त्यामुळे अमेरिकेच्या टॅरिफची (म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरच्या कराची) बातमी आली की कोणीतरी विचारतंच, "काय हो, हे पैसे समोरचा देश भरतो की तिथलाच माणूस?" आणि उत्तर एका शब्दात हवं असतं. कस्टम्समध्ये पैसे कोण भरतो एवढंच विचारत असाल तर सोपंय, माल मागवणारा तिथलाच आयातदार भरतो. पण तो ते पुढे कोणाच्या गळ्यात मारतो हे दरवेळी वेगळं निघतं, आणि मला खरं तर त्यातच इंटरेस्ट आहे.

माझं आवडतं उदाहरण वॉशिंग मशीनचं. २०१२ च्या सुमारास अमेरिकेने कोरिया आणि मेक्सिकोतून येणाऱ्या मशीनवर अँटी-डंपिंग ड्युटी (बाहेरचा माल मुद्दाम फार स्वस्तात विकला जातोय म्हणून लावलेला जादा कर) लावली, तर कंपन्यांनी उत्पादन चीनमध्ये हलवलं. मग चीनवर ड्युटी आली, तर गाडी थायलंड आणि व्हिएतनामला. गिऱ्हाइकाला फारसा चटका बसला नाही कारण माल येतच राहिला, फक्त बंदर बदललं. शेवटी २०१८ च्या फेब्रुवारीपासून जवळपास सगळ्याच देशांच्या मशीनवर सरसकट टॅरिफ लागला, पहिल्या वर्षी १२ लाख मशीनपर्यंत २० टक्के आणि त्यावर ५० टक्के. आता पळायला जागाच नाही. फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) आणि शिकागो विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशोब मांडला, तर वॉशर साधारण ८६ डॉलरने महागले. इथपर्यंत कोणीही सांगितलं असतं. पण कपडे वाळवायचे ड्रायरसुद्धा ९२ डॉलरने महागले! ड्रायरवर टॅरिफ नव्हता हो. पण तिथे लोक दोन्ही जोडीने घेतात, मग दुकानदाराने थोडी वाढ इकडे टाकली, थोडी तिकडे. आणि अमेरिकेत बनलेल्या मशीनचे भावही वाढले, कारण बाहेरचा माल महागला की घरच्याने स्वस्त का विकावं?

त्याच हिशोबात गिऱ्हाइकांचा वर्षाचा जादा खर्च जवळपास दीड अब्ज डॉलर, सरकारला मिळाले ८ कोटी २० लाख, आणि नोकऱ्या आल्या साधारण १,८००. म्हणजे नोकरीमागे ८ लाख १५ हजार डॉलर. हा आकडा वाचून मी दोनदा भागाकार करून बघितला होता. तरी नोकऱ्या आल्याच नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये, साउथ कॅरोलिना आणि टेनेसीत कोरियन कंपन्यांचे कारखाने खरंच उभे राहिले.

हेच करांचं. अमेरिकेत १९९० च्या कायद्यात महागड्या बोटींवर १० टक्के लक्झरी टॅक्स आला, १ लाख डॉलरच्या वरच्या रकमेवर. श्रीमंत भरतील असा सरळ हिशोब. श्रीमंतांनी बोटीच घेणं कमी केलं आणि बोटी बांधणाऱ्या सुतार-फिटरांवर गदा आली (त्या वेळी मंदीही होती, सगळं खापर टॅक्सवर फोडणं मला पटत नाही), आणि १९९३ मध्ये तो काढूनच टाकला.

बँकांचे नियमसुद्धा यातून सुटत नाहीत. अमेरिकेच्या २०१० च्या डॉड-फ्रँक या बँकांवरच्या कायद्यात डेबिट कार्डच्या व्यवहारावर दुकानदाराच्या खिशातून बँकेला जी फी जाते तिला लगाम घातला, मोठ्या बँकांना सरासरी ४४ सेंट मिळायचे ते साधारण निम्म्यावर आले. दुकानदार खूश, आणि बँकांनी काय केलं तर फुकटची खाती कमी केली, मिनिमम बॅलन्स वाढवला. म्हणजे ज्याच्या खात्यात कायम चार पैसे कमी त्याच्याकडूनच वसुली. माझ्या मते नियम चुकीचा नव्हता, ती फी जास्तच होती, पण बँक गप्प बसून नुकसान सोसेल असं ज्यांनी धरलं ते भाबडे.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला, "मग असलं लावतातच कशाला?" अहो, ज्याचा कारखाना वाचतो त्याला ते नक्की ठाऊक असतं, तो वॉशिंग्टनला वकील पाठवतो, सुनावणीला कामगार घेऊन जातो, आणि कामगारांची काळजी खोटी नसते हेही खरंच. पण ड्रायरसाठी ९२ डॉलर जास्त मोजणारा माणूस कोणाला फोन करणार? आपले पैसे टॅरिफमुळे गेले हे त्याच्या डोक्यातही येत नाही, ड्रायरवर टॅरिफ नव्हताच ना.