गावाच्या विकास आराखड्यात फवारणीची सुरक्षा कशी आली: माझा अनुभव

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे पंपाचा फवारा थेट चेहऱ्यावर येत होता. आमच्या गावचा एक फवारणी मजूरही तेव्हा कित्येक दिवस दवाखान्यात होता. तो वाचला, पण त्याची नजर पूर्ववत झाली नाही. 2021 मध्ये मी ग्रामपंचायत सदस्य झालो, तेव्हा फवारणीचा विषय गावाच्या आराखड्यात आणायचा, एवढे एक काम मनाशी पक्के होते.

पहिल्या वर्षी ते जमले नाही. ग्रामसभेत मी बोललो, सर्वांनी माना डोलावल्या आणि आराखड्यात नेहमीप्रमाणे रस्ता, नाली व सभामंडप आले. फवारणी हा कृषी विभागाचा विषय आहे, असे मला सांगण्यात आले. आरोग्य विभागात विचारले, तर रुग्ण आल्यावर उपचार करू, असे उत्तर मिळाले. विष विकत घेतल्यापासून रिकामी बाटली बांधावर फेकेपर्यंतच्या वाटेची जबाबदारी कोणत्याच विभागाच्या कागदावर नव्हती, हे मला तेव्हा उमगले.

म्हणून 2022 च्या पावसाळ्यात आशाताई, दोन तरुण आणि मी शिवारफेरी काढली. विहिरींच्या काठी, बांधावर, नाल्यात पडलेल्या बाटल्या आम्ही लेबलवरच्या, विषारीपणा दाखवणाऱ्या रंगाच्या त्रिकोणानुसार मोजल्या: लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. एका धुऱ्यावर मजूर जेवायला बसले होते. त्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या कॅनवरचे लेबल अर्धवट सोललेले होते आणि लाल त्रिकोणाचा एक कोपरा अजून तसाच होता. त्यांच्यातल्या एका बाईंनी तो कॅन तीन वेळा राखेने घासला होता. बाईंच्या मते तो स्वच्छ होता. तो कॅन आम्ही मागून घेतला, बदल्यात नवा दिला, आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत टेबलावर ठेवला. त्यानंतर मला फार बोलावे लागले नाही.

ठराव झाला, तरी खरी कसरत पुढे होती. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी 60 टक्के बंधित होता आणि तो पाणी व स्वच्छतेवरच खर्चायचा होता. रिकाम्या बाटल्या गोळा करण्यासाठीचा लोखंडी पिंजरा मी घनकचऱ्यात दाखवला. हा घरगुती कचरा नव्हे, म्हणून छाननीत तो परत आला. मास्क, हातमोजे व चष्म्यांवर वैयक्तिक लाभाचा शेरा पडला. मग आम्ही रचना बदलली. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील 3.9 या लक्ष्यात घातक रसायनांमुळे होणारे मृत्यू व आजार 2030 पर्यंत कमी करण्याचे म्हटले आहे, आणि पंचायतींसाठीच्या नऊ संकल्पनांत ‘आरोग्यदायी गाव’ ही एक आहे. त्या संकल्पनेखाली, अबंधित निधीतून, पिंजरा आणि ग्रामपंचायतीच्या साठा नोंदवहीत राहणारे संरक्षक संच असे एकच काम मांडले. सोबत फवारणी करणाऱ्यांची यादी आणि हंगामापूर्वी त्यांच्या रक्ताची कोलिनेस्टरेज तपासणी (कीटकनाशकाचा शरीरावरील परिणाम दाखवणारी) व्हावी, अशी प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी मागणी जोडली. या वेळी मंजुरी मिळाली. देश ज्या उद्दिष्टांना बांधील आहे, त्यांतला एक आकडा गावाच्या कागदावर उतरवल्याने एवढा फरक पडतो, हे मी आधी मानले नसते.

पिंजरा आता कार्यालयामागे उभा आहे. बाटली तीन वेळा खळखळून, ते पाणी पंपातच ओतून आणि तळाला भोक पाडून मगच ती आत टाकायची, असा नियम आहे व बहुतेक जण तो पाळतात. संच मात्र उकाड्यामुळे अनेकजण अर्ध्यावर काढून ठेवतात. हलक्या कापडाचे संच मिळावेत, यासाठी मी अजून प्रयत्नात आहे. पिंजरा दोनदा भरला, पण साठलेल्या रिकाम्या बाटल्या न्यायला तालुक्यात कोणतीही व्यवस्था नाही. त्यासाठी जिल्हा आराखड्यात तरतूद करावी, असा ठराव आम्ही शेजारच्या चार ग्रामपंचायतींसह पाठवला असून, तोवर पोती बांधून कुलूपबंद खोलीत ठेवली आहेत.