वरच्या मजल्यावरची दोन बोटं उघडी खिडकी

घरं गरम ठेवायची सिस्टीम बसवायचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि या कामात सगळ्यात जास्त लाज मला ज्या घरात वाटली त्याची ही गोष्ट. लाज अशासाठी की तिथली फर्नेस, म्हणजे हवा तापवून घरभर सोडणारं मशीन, दोन हिवाळ्यांपूर्वी मीच बसवली होती, जुनी काढून तिच्यापेक्षा मोठी, कारण घरमालकांची तक्रार होती की खाली हॉलमध्ये ऊब येतच नाही, आणि मी मान डोलवून म्हटलं होतं की हॉल केवढा मोठाय, मशीन कमी पडतंय.

घर ओपन प्लॅनचं. हॉल, जेवायची जागा, किचन सगळं एकच, मधे भिंत नाही की दार नाही, हॉलचं छत थेट कौलारू उताराला भिडलेलं म्हणजे मधोमध साडेपाच मीटरच्या वर, एका बाजूला पूर्ण उंचीची काच आणि किचनच्या डोक्यावरून जिना चढून वर उघडा लॉफ्ट, तिथून दोन बेडरूम. फोटोत फार सुंदर दिसतं. राहायला गेलं की कळतं.

फोन आला त्या दिवशी बाहेर उणे 18 होतं. घरमालक चिडलेले नव्हते, थकलेले होते. म्हणाले, तुमचं नवीन मशीन आलं तसं बिल वाढलंय आणि आई अजून ब्लँकेट घेऊनच बसते.

गाडीतून उतरलो आणि पहिली चूक तिथेच दिसली, माझीच. आजूबाजूच्या छपरांवर बर्फ एकसारखा जाड बसलेला, आणि या घराच्या वरच्या कडेला, म्हणजे जिथे दोन उतार मिळतात तिथे, लांबलचक टक्कल पडलेलं. खाली पागोळ्यांच्या जागी बर्फाचे हातभर लांब सुळे लोंबत होते. छपरावरचा बर्फ आतून वितळतोय म्हणजे ऊब वरून बाहेर चाललीये, हे शिकाऊ पोराला पण कळतं. मागच्या वेळी मी मोजमापाला उन्हाळ्यात आलो होतो हे खरं, पण ती काही सबब नाही.

आत आजी काचेजवळच्या सोफ्यावर. थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान बघून फर्नेस चालू-बंद करणारा डबा, 22 दाखवतोय आणि त्या म्हणतात पाय बर्फ झालेत. घरातले सगळे त्यांना सांगायचे की आई, 22 आहे, तुला उगाच वाटतंय. मी थर्मल कॅमेरा काचेवर धरला, आतल्या बाजूने 7 अंश! साधी जुनी दुहेरी काच आहे ती, बाहेर एवढी थंडी असेल तर तेवढंच येणार. माणसाला जी थंडी वाजते ती नुसत्या हवेची नसते, आजूबाजूचे पृष्ठभाग किती गार आहेत त्याचीही असते, साधारण दोन्हींची सरासरी धरली तरी चालते. त्यात उंच काचेला लागून हवा गार होते, जड होते आणि काचेवरून पाण्यासारखी खाली घसरत येऊन पायाशी पसरते. जुन्या घरांत रेडिएटर नेमका खिडकीखाली असायचा तो याचसाठी, ती घसरण तिथेच अडवायला. आजींना उगाच वाटत नव्हतं.

मग दोरी काढली. हे माझं आवडतं हत्यार, साधी दोरी आणि तिला ठराविक अंतरावर लावलेले छोटे तापमान मोजणारे लॉगर. लॉफ्टच्या कठड्यावर काठी बांधून दोरी जमिनीपर्यंत सोडली आणि अर्धा तास सगळ्यांना चहा घ्यायला लावला, म्हणजे कोणी तिला धक्का लावणार नाही. आकडे आले: घोट्याशी 16.5, थर्मोस्टॅटच्या उंचीला 22, तीन मीटरवर 24.5, छताजवळ 28.5. बसलेल्या माणसाच्या घोट्यात आणि डोक्यात 3 अंशांपेक्षा जास्त फरक पडला की त्रास होतो असं आमच्याकडे धरतात. इथे जमिनीपासून छतापर्यंत 12 अंश. आणि थर्मोस्टॅट कुठे, तर ओव्हनच्या अगदी शेजारी. स्वयंपाक चालू असला की तो सगळ्यात आधी खूश.

तेवढ्यात फर्नेस सुरू झाली, मी घड्याळ लावलं. चार मिनिटं चालली आणि बंद. परत सहा-सात मिनिटांनी चालू. हेच ते माझं मोठं मशीन. ग्रिलमधून 50 अंशांच्या आसपासची हवा जोरात येते, गरम हवा हलकी, ती सरळ छताकडे जाते, थर्मोस्टॅट पटकन समाधानी होतो, मशीन थांबतं आणि खालची गार हवा ढवळलीच जात नाही. छोटं मशीन सावकाश बराच वेळ चाललं असतं तर हवा फिरत राहिली असती. मी क्षेत्रफळ गुणिले काहीतरी या ठोकताळ्याने साइझ काढली होती. त्या दिवशी टेबलावर बसून भिंत, काच, छत, गळती असं एकेक करून नीट हिशोब केला तर घराची गरज आली 13 किलोवॉट. बसवलेलं मशीन 24 चं.

घरमालकांना हे सांगताना घसा कोरडा पडला. ते फक्त एवढंच म्हणाले, बरं, पुढे काय?

पुढे माळा. झाकण उघडून डोकं वर काढलं तर छपराच्या फळ्यांमधून खाली आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर बर्फाचे पांढरे बोंडे, शेकड्याने. घरातली दमट हवा फटींतून वर येऊन तिथे गोठत होती, आणि वसंतात हे सगळं वितळून इन्सुलेशनमध्ये मुरणार. छतातल्या दिव्यांच्या भोवती इन्सुलेशन काळं पडलेलं, कारण हवा त्यातून गाळून जाते आणि धूळ मागे राहते. कुठे गळतंय याचा नकाशाच काढून ठेवलेला जणू. चिमणीच्या भोवतीची पोकळी तर सरळ खालपर्यंत, माझा हात आरामात गेला.

संध्याकाळी ब्लोअर डोअर लावलं. मुख्य दारात कापडी चौकट आणि तिच्यात पंखा, घरातली हवा बाहेर ओढून आत-बाहेर 50 पास्कलचा फरक पाडायचा आणि किती हवा फटींतून येते ते मोजायचं. त्याआधी गॅसची उपकरणं बंद करायची आणि फायरप्लेसमधली राख झाकायची. (एकदा मी राख विसरलो होतो. पांढऱ्या सोफ्याचं जे झालं ते नको विचारू.) आकडा आला तासाला 11 वेळा घरातली सगळी हवा बदलते एवढा. पॅसिव्ह हाऊस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत ऊबदार राहणारं हवाबंद घर, त्यासाठी मर्यादा 0.6 आहे. जुनं घर आहे, 0.6 कोण मागतंय, पण 11 म्हणजे फार झालं.

तरी माझं समाधान होईना, म्हणून पंखा बंद करून, चौकट काढून, दार लावून मी नुसती धुराची पेन्सिल (हवा कुठे वाहते ते दाखवायला बारीक धूर सोडणारी कांडी) घेऊन भिंतीच्या तळाच्या पट्टीजवळ बसलो. धूर सरळ आडवा होऊन आत पळत होता, कुठलाही पंखा नसताना. वर लॉफ्टवर गेलो आणि मुलाच्या खोलीचं दार उघडलं. खिडकी दोन बोटं उघडी.

मी विचारलं, ही कधीपासून? पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, हेडफोन काढून म्हणाला, नेहमीच, रात्री इथे झोपताच येत नाही इतकं गरम होतं. घरात कोणालाच माहीत नाही. कोणी विचारलंच नव्हतं, आणि त्यानेही कोणाला सांगितलं नव्हतं.

मी त्याला म्हटलं आता बंद कर आणि धावत खाली येऊन पेन्सिल परत पट्टीशी धरली. धूर मघासारखा पळाला नाही, जरासा वाकून हळूहळू वर चढला. मी ओरडलो, उघड! परत आडवा. घरमालक, त्यांची बायको, आजी, सगळे वाकून त्या धुराकडे बघतायत आणि वरून पोरगं ओरडतंय आता? आता? चार-पाच वेळा केलं ते, खरं सांगायचं तर एकदा केलं असतं तरी पुरलं असतं.

पूर्ण घर एक चिमणी झालेलं. आत 22 आणि बाहेर उणे 18 असेल तर सहा मीटर उंचीत सुमारे 11 पास्कलचा फरक आपोआप पडतो. घराच्या वरच्या भागातून गरम हवा बाहेर ढकलली जाते आणि तेवढीच गार हवा खालून आत ओढली जाते. भिंती-दारं असलेल्या घरात प्रत्येक मजल्यावर तिला थोडी तरी अडवणूक होते. इथे कसलीच नाही. मी मोठं मशीन आणून वरचा थर आणखी तापवला, पोराने खिडकी उघडली, आणि खिडकीमुळे आजींच्या पायाशी वारा वाढला.

काम सुरू केलं ते वरूनच. खालच्या फटी आधी बुजवायचा मोह होतो कारण वारा तिथे जाणवतो, पण आधी वरचं बंद केलं की खालचं ओढणं बरंच कमी होतं. चिमणीभोवती पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंट (तिथे साधा फोम अजिबात नाही), दिव्यांवर हवाबंद डबे, माळ्याच्या झाकणाला रबर, मगच वरून जाड इन्सुलेशन. फायरप्लेसचा डॅम्पर, म्हणजे धुराडं बंद करायची झडप, नीट बसत नव्हता तो बदलला. घर घट्ट झालं म्हणून ताजी हवा मोजून आत घेणारं, जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला देणारं यंत्र बसवलं. सीलिंग फॅन होताच, उन्हाळ्याच्या दिशेने फिरायचा म्हणून अंगावर वारा येतो सांगून बंद ठेवलेला. तो उलटा करून सगळ्यात कमी स्पीडवर लावला, म्हणजे मधून हवा वर जाते आणि भिंतींवरून खाली येते. थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, सोफ्याच्या उंचीला आणला. काच बदलायची तयारी त्यांची आत्ता नाही, ट्रिपल म्हणजे तिहेरी काच लावली तर आतून 17 च्या आसपास राहील हे मी सांगून ठेवलंय, तोवर काचेच्या पायथ्याशी लांबट बुटका हीटर दिलाय. त्याचे पैसे मी घेतले नाहीत.

नंतर अशाच थंडीच्या एका दिवशी दोरी परत सोडली. घोट्याशी 19.5, छताजवळ 23.5. आजी अजून ब्लँकेट घेतात, पण मांडीवर.

फर्नेस तीच आहे. दोन स्टेजची आहे, म्हणजे कमी आणि पूर्ण अशा दोन जोरांवर चालते, म्हणून निभावलं, मी दुसऱ्या स्टेजची तार काढून टोकाला टेप गुंडाळून ठेवलीये. पहिल्या स्टेजवर सुद्धा ती गरजेपेक्षा मोठीच पडते, पण आता एका दमात चौदा-पंधरा मिनिटं चालते.